नियम दरवर्षी बदलतात, मग मुलीनं धरून काय चालायचं?

पत्र : सप्रेम नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मुलगी यंदा मराठी माध्यमातून दहावीला आहे, मुलगा आठवीत. दोन वर्षांमागं पुतण्या दहावी झाला, तेव्हाचे नियम वेगळे आणि यंदाचे वेगळे. कुणी म्हणतं तीनदा परीक्षा देता येते, कुणी म्हणतं आता तेहतीस टक्क्यांना पास, कुणी म्हणतं ग्रेस मिळतात. शाळेच्या ग्रुपवर परिपत्रक येतं ते कन्नडमध्ये. मला वाचता येत नाही आणि बाईंना सारखं विचारायला संकोच वाटतो. मुलगी म्हणते, “पहिल्या परीक्षेला नाही जमलं तर दुसरी आहे की.” यांचं म्हणणं, दरवर्षीचा हा गोंधळ नको, मुलाला जूनमध्ये गडहिंग्लजला थोरल्या दिरांकडे पाठवू, महाराष्ट्र बोर्डातून दहावी करू दे. मुलगा रडतो, जायला तयार नाही. काय करावं? — एक आई

उत्तर :

ताई, मुलाला पाठवू नका. घरचं दुसरं काही कारण असतं तर वेगळा विचार केला असता, पण परीक्षेचे नियम बदलतात एवढ्यासाठी तेरा-चौदा वर्षांच्या पोराला घरापासून तोडू नये. त्याच्याबद्दल पुढं सविस्तर लिहिते. आधी मुलीचं, कारण तिची परीक्षा १८ मार्च २०२६ ला सुरू होते आहे.

तुमची तक्रार खरी आहे हे पहिल्यांदा सांगते. २०२१ ला कोरोनामुळं अख्खी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकची दहावीची परीक्षा, दोन दिवसांत उरकली, १९ आणि २२ जुलैला, सगळे प्रश्न पर्यायांचे. २०२२ ला पुन्हा नेहमीसारखे पेपर. त्याच वर्षी दहावीचं मंडळ आणि पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, परीक्षांचं काम एकत्र करून आताचं कर्नाटक शाळा परीक्षा आणि मूल्यनिर्णय मंडळ झालं. २०२४ ला पुरवणी परीक्षा जाऊन परीक्षा-१, २ आणि ३ आल्या, वर्गावर्गांत कॅमेरे बसून थेट वेबकास्टिंग सुरू झालं. आदल्या वर्षी ८३.८९ टक्के असलेला निकाल ७३.४० वर उतरला, आणि तोही ग्रेस गुण १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेल्यावर. तुमचा पुतण्या त्याच वर्षीचा असणार. पुढच्या वर्षी ती वाढीव ग्रेस काढून घेतली. आणि यंदा ऑक्टोबरमध्ये, अर्धं वर्ष सरल्यावर, पास होण्याची अट ३५ वरून ३३ टक्क्यांवर आली.

मुलांच्या बाजूनं बघितलं तर यातला बदल मला तितका खुपत नाही, त्याची वेळ खुपते. पास होण्याचा नियम जूनमध्ये पुस्तकांबरोबरच मुलाच्या हातात पडला पाहिजे. पेपर तपासताना ग्रेस वाढवायची, सहामाही झाल्यावर टक्केवारी बदलायची, याचा भार शेवटी घरातल्या आईवर आणि वर्गातल्या शिक्षकांवर येतो. तुमच्या बाईंनाही ती बातमी तुमच्याइतकीच अचानक कळली असेल. तेव्हा त्यांना विचारायचा संकोच अजिबात नको.

आता हिशेब. वही घेऊन बसा आणि मुलीलाही शेजारी बसवा. एकूण गुण ६२५. पहिली भाषा, म्हणजे तिची मराठी, १२५ गुणांची, त्यात १०० लेखी आणि २५ शाळेचे अंतर्गत. बाकीचे पाच विषय शंभर-शंभरचे, ८० लेखी आणि २० अंतर्गत. हा साचा इतक्या वर्षांच्या उलथापालथीत टिकून आहे. यंदाचा नियम असा, की एकूण ३३ टक्के, म्हणजे ६२५ पैकी २०६ गुण हवेत, आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ३० टक्के हवेत.

गावात “तीस पडले की पास” असं ऐकू येत असेल, तर त्यात मोठी गफलत आहे. पाच विषयांत तीस-तीस पडले तर दीडशे होतात. २०६ व्हायला अजून ५६ हवेत, आणि ते एकट्या मराठीतून यायला हवेत. सगळीकडंच तीस टक्क्यांवर थांबली तर मुलगी नापास. एखाद्या विषयात ती कच्ची असेल तर तो खड्डा दुसऱ्या कुठल्या विषयानं भरायचा, हे आत्ताच ठरवून ठेवायला हवं. आपल्या मुलांच्या बाबतीत तो विषय बहुतेक वेळा मराठीच असतो. घरची भाषा, गुणही पंचवीस जास्त, आणि तरी अभ्यासाच्या वेळापत्रकात तिला शेवटची जागा मिळते. “मराठी काय, येतंच की” असं म्हणून निबंध, पत्र, व्याकरण मार्चपर्यंत ढकललं जातं. तुमच्या घरी तसं होऊ देऊ नका. रोज एक उतारा किंवा एक पत्र शुद्ध लिहून बाईंना दाखवायचं, एवढी सवय लागली तरी पुष्कळ फरक पडतो.

अंतर्गत गुणांकडंही दुर्लक्ष नको. वर्षभरातल्या चार एफएंवर, म्हणजे शाळेतल्या आकारिक चाचण्यांवर, ते ठरतात. तीन झाल्या असतील तर तिच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी शाळेत जाऊन बघा, एखादा प्रकल्प द्यायचा राहिला असेल तर विचारा. मार्चमध्ये हे गुण कुणाला वाढवता येत नाहीत.

ग्रेसचा विचार पूर्ण सोडून द्या. २०२४ ची २० टक्के ग्रेस त्या एका वर्षापुरती होती. पुतण्याला मिळाली म्हणून बहिणीला मिळेल असं मुळीच नाही.

परीक्षा पुन्हा देता येते हे जे ऐकलंत ते मात्र खरं आहे, आणि चांगलंही आहे. परीक्षा-१ चे पेपर १८ मार्च ते २ एप्रिल, परीक्षा-२ चे १८ ते २५ मे. पहिल्यात एखादा विषय राहिला तर दुसऱ्यात देता येतो, पास झालेल्यालाही गुण वाढवायला बसता येतं, आणि ज्या खेपेचे गुण जास्त तेच धरले जातात. पूर्वी एका विषयासाठी पोरींची शाळा सुटायची, आणि आपल्या भागात शाळा सुटलेल्या मुलीचं पुढं काय ठरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या दृष्टीनं ही सोय फार मोलाची आहे.

पण मुलीचं “दुसरी आहे की” हे वाक्य मला काळजीत टाकतं. मे महिन्यातल्या परीक्षेला वर्ग भरलेला नसतो, मैत्रिणी पीयूसीच्या फॉर्मांच्या मागं असतात, शेतात नांगरट आणि धूळपेरणीची गडबड, घरात लग्नसराई. त्या उन्हात एकटीनं बसून गणित सोडवायचं मार्चपेक्षा कितीतरी अवघड. तिला रागावून हे सांगू नका. तिला जवळ घेऊन सांगा, की पहिली परीक्षा हीच आपली परीक्षा, आणि काही झालंच तर आम्ही तुझ्या पाठीशी आहोत, दुसरीला बसवू. या वाक्यातला पुढचा भाग मागच्याइतकाच मनापासून म्हणा, कारण बऱ्याचदा “दुसरी आहे की” म्हणणारी मुलगी आतून घाबरलेली असते.

जुने पेपर कुठले सोडवायचे, हे पत्रात विचारलं नाहीत, पण सगळ्यात जास्त वेळ तिथंच वाया जातो म्हणून सांगते. २०२१ चे बाजूला ठेवा, तो साचाच वेगळा होता. मंडळानं यंदासाठी संकेतस्थळावर टाकलेल्या नमुना प्रश्नपत्रिका आणि शाळेतल्या पूर्वतयारी परीक्षेचे पेपर आधी. त्यानंतर २०२४ आणि २०२५ चे. गणिताचा पेपर जवळून बघा म्हणजे भीती थोडी कमी होईल. अलीकडच्या साच्यात ३८ प्रश्न असतात. एक गुणाचे पर्यायवाले आठ, एक गुणाचेच साधे आठ, दोन गुणांचे आठ, तीन गुणांचे नऊ, चार गुणांचे चार आणि पाच गुणांचा एक, असे मिळून ८०. म्हणजे नुसत्या एक आणि दोन गुणांच्या प्रश्नांचे ३२ होतात. कच्च्या मुलीनंही हे चोवीस प्रश्न पक्के करायचे, मग एकसामयिक समीकरणांचा आलेख आणि पुस्तकातली मुख्य प्रमेयं. आलेख वाचून येत नाही, पट्टी-पेन्सिल घेऊन स्वतः काढावा लागतो. त्यासाठी रविवारचा एक तास ठेवा.

कोल्हापूर-गडहिंग्लजहून कुणी प्रेमानं महाराष्ट्र बोर्डाची गाइडं आणून दिली असतील तर ती तिच्या हातात देऊ नका. तिकडं गणिताचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर, विज्ञानाचे दोन, आणि धड्यांचा क्रमही निराळा. भाषा आपली असली तरी परीक्षा निराळी आहे. समाजविज्ञानाच्या बाबतीत तर जुनं आपलंच पुस्तकही चालणार नाही. २०२२ मध्ये पाठ बदलले आणि २०२३ मध्ये त्यातले काही पुन्हा फिरवले. पुतण्याचं पुस्तक वापरत असेल तर यंदाच्या पुस्तकाशी धडा न् धडा ताडून बघा. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाची पुस्तकंही मिळतात. गावात नेट नीट चालत नसेल तर शाळेतून फोनवर घ्या.

आता कन्नड परिपत्रकाचं. मराठी शाळेच्या पालकांना परिपत्रक मराठीतून कळलं पाहिजे, ही मागणी रास्तच आहे, आणि ती करायची जागा शाळेतच आहे. चार-पाच आयांनी मिळून मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, की परीक्षेसंबंधीचं प्रत्येक परिपत्रक आल्यावर त्याचा मराठी सारांश ग्रुपवर टाकावा आणि पालकसभेत वाचून दाखवावा. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत हा विषय घ्यायला लावा. एकट्या बाईनं विचारलं तर तिला संकोच वाटतो, पाचजणींनी विचारलं की ती शाळेची पद्धत होऊन बसते. आणि हे होईपर्यंत घरात एक करता येईल. तुमचा मुलगा आठवीत आहे, शाळेत कन्नड शिकतो आहे. परिपत्रक आलं की त्याला मोठ्यानं वाचू द्या, अर्थ सांगू द्या, आणि तुम्ही मराठीत वहीत उतरवून घ्या. अडलेला शब्द दुसऱ्या दिवशी कन्नडच्या सरांना विचारायचा. ताईच्या परीक्षेत आपलाही हातभार लागतो आहे हे त्याला कळेल, आणि त्याचं कन्नडही सुधारेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बातम्यांचे तुकडे त्या वहीत लिहू नका. त्यात फक्त मंडळाचं किंवा खात्याचं परिपत्रक, त्याची तारीख, आणि ते कुठल्या परीक्षेला लागू आहे एवढंच असू द्या.

नावाची नोंदही तपासून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव शाळेच्या एसएटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन, नोंदीवरून येतं. आपली मराठी नावं आणि आडनावं कन्नडमधून इंग्रजीत जाताना बिघडतात, कुठं एखादं अक्षर गळतं, कुठं वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसतं. पुढं पीयूसीला, महाराष्ट्रात, पासपोर्टला, सगळीकडं हीच गुणपत्रिका मागतात. मुलीचं, तुमचं आणि यजमानांचं नाव आधारकार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते शाळेत जाऊन स्वतः बघा, आणि चूक असेल तर मुख्याध्यापकांकडून हॉल तिकीट निघायच्या आधी दुरुस्त करून घ्या. नंतर हेच काम बेंगळूरपर्यंत जातं.

कॅमेऱ्यांची भीती मुलीच्या मनात असेल तर काढून टाका. खाली मान घालून लिहिणाऱ्या मुलीला कॅमेऱ्याचं काही देणंघेणं नाही. पेपर वाचायला सुरुवातीला पंधरा मिनिटं मिळतात, त्या वेळात कुठला प्रश्न आधी घ्यायचा ते ठरवायची सवय पूर्वतयारी परीक्षेतच लागू दे. केंद्र लांब असेल तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत तिचा बसप्रवास फुकट आहेच, पण खेड्यातली सकाळची एकच गाडी चुकली तर काय, याचा बंदोबस्त यजमानांवर सोपवा.

निकालात गुण अनपेक्षितपणे कमी वाटले तर लगेच रडारड नको. आधी उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत ऑनलाइन मागवायची, विषयाच्या शिक्षकांबरोबर बसून ती बघायची, आणि मगच फेरमोजणी की फेरतपासणी ते ठरवायचं. यासाठी मुदत थोडे दिवसच असते.

आता मुलाचं. यजमानांना वाटतं तिकडचं बोर्ड तरी एका जागी आहे. त्यांना हे आकडे दाखवा. महाराष्ट्रात २०१८ ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा विषयांचे शाळेकडचे २० गुण काढले आणि निकाल ७७.१० वर आला. २०२० ला ते गुण परत दिले, निकाल ९५.३० वर गेला. यंदा अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन केले, त्यात गावोगावच्या पालकांची धावपळ झाली. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय एप्रिल आणि जूनमध्ये निघाले आणि २९ जून २०२५ ला मागे घेतले. बदल तिकडंही आहेत. फरक इतकाच, की तिकडच्या बदलाच्या दिवशी तुमचा मुलगा तुमच्याजवळ नसेल.

शिवाय एक गोष्ट तुमच्या यजमानांनी शांतपणे विचारात घ्यावी. मुलानं दहावी इथूनच केली तर त्याच्यासाठी दोन्ही राज्यांचे दरवाजे उघडे राहतात. कर्नाटकात सीईटीतून इंजिनिअरिंगसारख्या जागांसाठी राज्यात किमान सात वर्षं शिक्षण आणि दहावी किंवा बारावीपैकी एक परीक्षा इथून पास, ही पात्रतेची नेहमीची वाट आहे. आणि महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या आणि सीमाभागातल्याच शाळेतून दहावी-बारावी झालेल्या मुलांना तिकडच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळी वाट ठेवलेली आहे. गडहिंग्लजला जाऊन दहावी केली तर पहिली वाट अरुंद होते, आणि ज्या शाळेच्या जोरावर दुसरी मिळते तीच शाळा आपण सोडलेली असते. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि शाळेच्या रजिस्टरला मुलाची मातृभाषा मराठी अशी नोंद आहे का, हे यजमानांना स्वतः जाऊन बघायला सांगा.

कन्नडचाही प्रश्न आहे. २०१५ चा कन्नड भाषा अध्ययन कायदा २०१७-१८ पासून पहिलीच्या वर्गापासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला. तुमची मुलगी त्याच्या आदल्या वर्षी पहिलीत गेली, मुलगा नंतरच्या. म्हणजे बहीण-भावाचं कन्नड परीक्षेला एकाच जागी नसण्याची शक्यता आहे, तिला तिसरी भाषा आणि त्याला दुसरी. त्याचं काय ते शाळेत विचारून नववीच्या आधी नक्की करा, कारण त्यानुसार पुस्तक आणि पेपर बदलतो. आठ वर्षं शिकलेलं कन्नड ऐन नववीत सोडून द्यायचं हे मला पटत नाही. मराठीवर प्रेम असलेल्या मुलानं कन्नडही चांगलं बोलावं, लिहावं. उद्या बेळगावात नोकरी करायची झाली, तहसीलदार कचेरीत स्वतःच्या जमिनीचा कागद वाचायचा झाला, तर ते त्यालाच लागणार आहे. कुणी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून महाराष्ट्राची दहावी द्यायचं सुचवलं, तर त्यालाही नाही म्हणा. ती वाट शाळा सुटलेल्यांसाठी आहे, आणि तुमचा मुलगा रोज शाळेत जातो आहे.

आठवीलाही बोर्ड आहे म्हणून त्याला कुणी घाबरवत असेल, तर ते मनावर घेऊ नका. पाचवी, आठवी, नववीच्या राज्यपातळीवरच्या परीक्षा झाल्या, कोर्टात गेल्या, आणि ८ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांचे निकाल रोखले. यंदाच्या वार्षिक मूल्यमापनाचं जे असेल ते वर्गशिक्षकांकडून विचारून त्याच वहीत लिहा.

यजमानांशी बोलताना मुलाला समोर बसवू नका. आधी तुम्ही दोघं बोला, आकडे आणि दोन्ही वाटा त्यांच्यापुढं ठेवा. तेही पोराच्या काळजीपोटीच बोलत आहेत, त्यांना चुकीचं ठरवायची गरज नाही. थोरल्या दिरांचा मानही राखायला हवा. मे महिन्यात ताईची परीक्षा-२ असेल किंवा नसेल, मुलाला पंधरा दिवस काकांकडं पाठवा, सुट्टीला म्हणून. आणि निर्णय ठरला, की मुलाला त्याच दिवशी सांगून टाका. तो मनात काय घेऊन झोपतो आहे ते तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलं आहे, आणि मला सगळ्या पत्रात तीच ओळ सगळ्यात जास्त लागली.